मोराचं बदक झालं त्याची हकीकत

ती. दाजी यांच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समजा. कंबर हल्ली अर्ध्यावरच थांबते.) तुमची तब्येत कशी आहे, ताईचे गुडघे काय म्हणतात, आणि तुम्ही दोघं अजून एकाच वर्तमानपत्रावरून भांडता की आता दोन घेता, ते सविस्तर कळवा. आमच्याकडे सगळं ठीक आहे. पत्रात ठीक म्हणायची पद्धत आहे म्हणून ठीक. हे पत्र मी सांगतो आहे आणि ही लिहिते आहे, कारण माझ्या उजव्या हाताची गोष्ट ताईने तुमच्या कानावर घातलीच असेल. घातली नसेल तर मी घालतो. हात थरथरतो. दुखत नाही, सुजत नाही, नुसता आपल्याशीच थरथरत बसतो. डॉक्टरांनी तो उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, वय झालं. आता जन्मभर लोकांच्या कानांभोवती कात्री फिरवून पोट भरलेल्या माणसाचा हात थरथरायला लागला, तर गिऱ्हाईक खुर्चीत बसेल का? दुकानाचं शटर ओढून घेतलं त्याला बरेच महिने झाले. शेजारच्या चष्मेवाल्याला ती जागा हवी आहे. मधली भिंत पाडून तिथे चष्मे मांडणार म्हणतो. त्याला महिनाअखेरीला हो की नाही ते सांगायचं आहे, आणि माझ्या तोंडून दोन्हीपैकी एकही शब्द बाहेर पडत नाही.

तर दाजी, दुकान नाही म्हटल्यावर मी दिवसभर खिडकीत बसायचो आणि रस्त्याने जाणाऱ्यांची डोकी बघायचो. कोणाचे कल्ले वरखाली, कोणाच्या मानेवर झाडू फिरवल्यासारखं काम. बघून जीव तुटायचा आणि तोंडातून शब्द निघायचे. (ही म्हणते, शिव्या निघायच्या. ही अतिशयोक्ती करते.) शेवटी लेक वैतागली आणि तिने आम्हा दोघांना एका दिवसाच्या सहलीला धाडलं. सकाळी बोटीने पलीकडच्या काठावरच्या शहरात जायचं, एक बाई बरोबर राहून शहर दाखवणार, मग बागा दाखवणार आणि संध्याकाळच्या बोटीने परत. मी म्हटलं, मला बागेत काय कळतं? लेक म्हणाली, कळायचं नाहीच आहे बाबा, नुसतं बघायचं आहे.

बोटीत बसलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. बोट इतकी सावकाश निघाली की काठच मागे सरकतोय असं वाटलं. आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बोट थरथरत होती. खालचं इंजिन, वरची बाकडी, कठडा, चहाचे पेले, पेल्यातला चहा, सगळं बारीक थरथरत होतं. माझ्या शेजारचे जाडेसे गृहस्थ पेला दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि तरी त्यांचा चहा सांडत होता. पलीकडच्या बाईंची सगळी बोटं हलत होती. अख्ख्या बोटीत माझ्या हाताकडे बघायला कोणालाही फुरसत नव्हती. दाजी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी हात खिशातून बाहेर काढून मांडीवर मोकळा ठेवला आणि निवांत बसलो. समोरच्या रांगेत ओळीने माना होत्या, तांबूस, सावळ्या, सुरकुतलेल्या. गरम टॉवेल बाजूला केल्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा दिसावा तसं पलीकडचं शहर धुक्यातून हळूहळू बाहेर आलं. मला वाटलं, ही बोट पोचलीच नाही तरी आपली काही हरकत नाही.

पण पोचली. उतरल्यावर सहलवाल्या बाईंनी पिवळी छत्री उंच धरली आणि बजावलं की सगळ्यांनी या छत्रीवर नजर ठेवा, म्हणजे चुकणार नाही. आता तुम्हीच सांगा, मी आयुष्यात कधी छत्रीवर नजर ठेवली आहे का? माझी नजर डोक्यावर जाते. बोटीत माझ्या बरोबर समोर एक गृहस्थ बसले होते, त्यांच्या टाळूवर दोन भोवरे होते, एक डावीकडे फिरणारा आणि एक उजवीकडे. असलं डोकं कापायला मिळणं म्हणजे भाग्य लागतं. मी मनाशी म्हटलं, छत्र्या बाजारात पुष्कळ असतील, पण असे दोन भोवरे या शहरात दुसरे नसतील, आणि बिनधास्त त्यांच्या मागे निघालो. ते गल्लीत वळले, मी वळलो. ते दगडी पायऱ्या चढले, मी चढलो, माझ्यामागे ही चढली. गल्ल्या छान होत्या. खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, एका दारात झोपलेलं मांजर, कुठून तरी कोणीतरी पेटीचा एकच सूर पुन्हा पुन्हा लावून बघत होतं. मला वाटलं, सहल म्हणतात ती हीच, उगीच नाही लोक जात. मग ते एका इमारतीत शिरून जिना चढले. मला वाटलं, वरून शहर दाखवत असतील. त्यांनी एका दाराशी थांबून खिशातून किल्ली काढली, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

ते बिचारे रात्रपाळी करून आपल्या घरी परतले होते. त्यांनी वळून विचारलं, कोण पाहिजे? मला गडबडीत दुसरं काही सुचेना, मी म्हटलं, बाग. त्यावर त्यांनी आम्हा दोघांकडे नीट बघितलं, आत बोलावलं, पाणी दिलं आणि आपल्या गॅलरीतून बागेची झाडं दाखवली. त्यांच्या जागी मी असतो तर दार लावून घेतलं असतं. (ही म्हणते, आपण चुकलोय हे तिला पहिल्याच वळणावर कळलं होतं. मग बोलली का नाही? तर म्हणे, किती दिवसांनी तुम्ही कोणाच्या तरी मागे एवढ्या उत्साहाने चालला होतात. हे लिहू नको म्हटलं तरी लिहिते आहे.)

अशा रीतीने आम्ही आमच्या छत्रीच्या कितीतरी आधी बागेत पोचलो. दाजी, बाग काय सांगू तुम्हाला! आत शिरलं की आवाजच बदलतो. कुठे तरी पाणी पडतंय, ऊन पानांतून गाळून खाली येतंय, आणि हिरवळीवर झुडपं कापून केलेली जनावरं उभी. हत्ती होता, ससा होता, मान वळवून बघणारा घोडा होता. म्हणजे आमच्याच धंद्यातलं काम, फक्त गिऱ्हाईक बडबड करत नाही. शेवटी एक मोर होता आणि त्याच्याजवळ स्टुलावर माळी उभा होता, हातात झुडपं छाटायची दोन हातांची मोठी कात्री. मी त्याच्या मागे उभा राहून बराच वेळ बघितलं. तुम्हाला माहीत आहे, कोणी कापताना मागे उभं राहिलेलं मला स्वतःला खपायचं नाही. त्यालाही खपलं नसावं. त्याने खाली उतरून घाम पुसला आणि विचारलं, काय, जमतंय का? मी म्हटलं, मान डावीकडून जाड राहिली आहे. तो रागावला नाही. पहाटेपासून उभा होता बिचारा, पाय भरून आले होते. त्याने कात्री माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, घ्या मग.

मी घेतली. घेताना ही माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो. पहिली चिमूट कापली, मग दुसरी. आणि तो आवाज सुरू झाला, दाजी. तुम्हाला आठवतच असेल, कारण तुम्ही त्या आवाजाला खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागायचात. कितीतरी माणसं माझ्या हाताखाली झोपली. खटल्यातले वकील झोपले, लग्नाला उभा राहिलेला नवरामुलगा झोपला. तसा तो माळी बाकावर बसला, टेकला आणि झोपला. त्याच्या शेजारी ही झोपली. खरं सांगायचं तर मीही निम्मा झोपेतच होतो, हात तेवढा जागा होता. आणि तो थरथरत नव्हता! मोराच्या मानेवरून कात्री फिरत होती आणि पानं माझ्या बाह्यांवर पडत होती, आणि मला आपलं दुकान दिसत होतं, आरशात दुपार दिसत होती, रांगेत बसलेली माणसं दिसत होती. मी मान सारखी केली. पाठ सारखी केली. मग मागे आलो, तर मागे ही एवढी वाढ, लांबच्या लांब, थेट जमिनीपर्यंत लोळणारी. मला वाटलं, हे गिऱ्हाईक बऱ्याच महिन्यांत फिरकलेलं दिसत नाही. मग अशा वेळी जे करायचं ते मी केलं. मागून बारीक.

एवढ्यात पिवळी छत्री आली. बाईंची पाठ मोराकडे आणि तोंड मंडळींकडे होतं. त्यांनी पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, की हा या बागेचा मानाचा मोर, याची शेपटी वाढवायला कित्येक वर्षं लागली, लांबून लांबून माणसं फक्त शेपटी बघायला येतात. मंडळी शेपटी शोधत होती. बाई वळल्या आणि पिवळी छत्री हळूच खाली आली. माझ्या पायाशी गुडघाभर शेपटी पडली होती आणि कात्री माझ्या हातात होती, त्यामुळे नाकबूल करायला जागाच नव्हती. चहा सांडणाऱ्या त्या गृहस्थांनी तेवढ्यात फोटो काढून घेतला. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

माळी जागा झाला. मोराभोवती एक फेरी मारली, कापलेल्या जागेवरून तळहात फिरवला. मी मान खाली घालून उभा होतो, काय बोलेल ते ऐकून घ्यायचं ठरवून. तो म्हणाला, झकास बदक झालंय. मग मानेकडे बघत राहिला आणि म्हणाला, मान मात्र मला अशी कधी जमली नव्हती. आणि माझ्या हातातून कात्री हलकेच काढून घेत म्हणाला, असू दे हो, वाढेल परत. दाजी, हे वाक्य मी जन्मभर लोकांना सांगत आलो. एखाद्याचे केस जरा जास्त गेले की वाढतील हो म्हणायचं आणि कापड झटकायचं. मला उलट कोणी कधी म्हटलं नव्हतं. मला तिथे, त्या सगळ्या मंडळींसमोर, रडू आलं. (ही लिहिते आहे की घळाघळा. घळाघळा नाही. दोन थेंब.)

परतीच्या बोटीत ऊन उतरलेलं होतं, माझ्या कॉलरमध्ये मोराची पानं होती आणि ही खांद्याला टेकून पेंगत होती. बोट थरथरत होती आणि मीही थरथरत होतो, कोणाचं कोणाला काही नव्हतं. मग धक्का आला, इंजिन बंद पडलं, सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले आणि माझा एकट्याचा चालू राहिला. मी तो खिशात घातला. पण दाजी, कात्री धरली तेव्हा तो थांबला होता, एवढं मी शपथेवर सांगतो. असो. पत्र फार लांबलं. ताईला नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार, आणि दोघांनी प्रकृतीला जपावं.

तुमचाच,
मेहुणा

ता. क. : तुम्ही इतक्यात केस कापून घेतले असतील तर प्रश्नच मिटला. नसतील तर कृपा करून कापू नका आणि महिनाअखेरीच्या आत इकडे या. चष्मेवाल्याला उत्तर देण्याआधी मला एक डोकं हवं आहे. जावई हल्ली आमच्याकडे टोपी घालून जेवतो. हिला विचारलं तर ही वेणी मुठीत धरून स्वयंपाकघरात गेली. तुमच्या डोक्यावर आता फारसं काही उरलेलं नाही हे मी जाणतो, पण जे आहे ते विश्वासाचं आहे. ताईला यातलं काही सांगू नका.

आणखी ता. क. : जमत नसेल तर मनावर घेऊ नका, माझा काही आग्रह नाही. सकाळची गाडी बरी पडते. घ्यायला येतो.

भावोजींना आणि वन्संना माझा नमस्कार. हे आत्ता शटरला तेल घालायला गेले आहेत म्हणून चार ओळी माझ्या लिहिते. वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसं लिहिलंय. बदक मात्र झालं नव्हतं, नुसता गोळा झाला होता. माळीदादा भला माणूस. आणि ती कात्री दोन हातांची होती, दोन्ही हात एकमेकांना धरून होते, हे मला बाकावरून दिसत होतं. मी झोपले नव्हते. कात्रीचं ते त्यांनाही माहीत आहे, म्हणून तर डोकं मागताहेत. वेणी मी जीव प्यारा म्हणून मुठीत धरली नाही. माझे केस वाकडे झाले तर ते त्यांना घरात दिवसभर दिसतील आणि ते पुन्हा कात्रीला हात लावणार नाहीत. तुमचे वाकडे झाले तर दोन दिवसांनी तुमच्याबरोबर गाडीत बसून निघून जातील. म्हणून तुम्हीच या. आरशात बघितलं की लगेच छान म्हणा, वेळ लावू नका. वन्संना सगळं सांगा, त्या येतानाची पिशवी भरतील तेव्हा त्यात एक कानटोपीही घालतील.