दसऱ्याची तार

९ जाने. २००५, रवि.
सुलूचं गाणं पुढच्या रविवारी सकाळी अकराला रेडिओवर. आईनं सुनेला शिकवलेलं, जात्यावरचं. घरात सगळ्यांसमोर ऐकायला बाईसाहेबांना लाज वाटते. म्हणाली, "गाडीत ऐकू, आपण दोघंच." आणि गाडीतला नवा डिजिटल सेट नुसता खरखरतोय. आकडे मात्र हिरवेगार, बघत बसावेसे.

११, मंगळ.
इंजिन बंद करून पाहिलं. तरी खरखर. चंदनसारहून हायवेला, मोकळ्यावर नेली. तेच. एकदा क्षणभर कुणा बाईचा आवाज आला नि विरला. उगाच आईचा वाटला. ऑफिसला उशीर.

१३, गुरु.
रजा टाकून पापडीला बस्त्यावकडे. गाड्यांच्या रेडिओत त्याचा हात धरणारं कोणी नाही. त्यानं दुसरी एरियल लावून पाहिली. लख्ख आवाज!
"साहेब, सेटला काय धाड नाय भरली. तुमच्या एरियलला ही तार कोनी गुंडाळली?"
दसऱ्याचा हार. सुतळी सापडेना म्हणून आईनं उघड्या तारेनं बांधलेला. एरियलला वेढे, दुसरं टोक पुढच्या लोखंडी गार्डला. फुलं कधीच गळली. दिवाळीनंतर आईही गेली.
"सगळा सिग्नल बॉडीत उतरतो. काढू?"
नको म्हटलं. गाढव आहे मी.

१५, शनि.
पक्कड घेऊन खाली गेलो. आईची गाठ गजऱ्याची, टोक आत खोचलेलं. तसाच वर आलो. सुलूनं उद्याची साडी काढून ठेवलीय. तिला अजून काही...

१६, रवि.
पाचूबंदर. समोर बोटी, भरती. अकराला दहा कमी, आणि खरखर. सुलूचं तोंड एवढंसं झालं. मग सगळं सांगून टाकलं. ती उतरली. पक्कड नको म्हणाली. नखानं टोक सोडवलं, एकेक वेढा उलगडला, वेणीतून गजरा काढावा तसा.
निवेदिका स्वच्छ ऐकू आली. मग सुलू. तिसऱ्या ओळीआधी आई थोडं थांबून श्वास घ्यायची. सुलूनंही तिथंच घेतला. मी रडलो. मासळीवाल्या बायका बघत होत्या, बघू देत.
परतताना म्हणाली, "यंदा हार मी बांधीन. सुतळीनं."
तार गाडीतच आहे, वळलेली. टाकवत नाही.
तो श्वास आईनं शिकवलेला, की आपोआप आला? विचारायचं राहूनच गेलं.