जांभळी वसाहत

३ जून
आले एकदाची! प्रयोगशाळा बियाण्यांच्या गोदामाच्या वर आहे. जिना अरुंद, पण खिडक्या ऐसपैस. नोकरी मिळाली ती धाकट्या जावेने शब्द टाकला म्हणून. ती इथे आधीपासून आहे. सासूबाई म्हणाल्या, जावा जावा उभा दावा, आणि या दोघी म्हणे शेजारी बसून काम करणार! आम्ही दोघी खूप हसलो.

५ जून
काम आवडलं. मातीची चिमूट पाण्यात ढवळायची, त्यातला थेंब काचेच्या बशीतल्या खाद्यावर पसरायचा आणि वाट पाहायची. जीवाणूंच्या वसाहती उगवतात: काही लोण्यासारख्या, काही गुलाबी, काही म्हातारीच्या गालासारख्या सुरकुतलेल्या. आधी रंग-आकार पाहायचा, मग जनुकांचा क्रम जुळवायचा. माहीत असलेल्या कुठल्याच प्रजातीशी जुळला नाही तर ती नवी, आणि तिला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. जावेच्या नावावर अशा दोन आहेत. हे मला तिने नाही, बाकी प्रत्येकाने सांगितलं.

१२ जून
तिच्या बशीत जांभळी वसाहत उगवलीय. कशाशीच जुळत नाही. प्रमुख बाईंनी तिची पाठ थोपटली. सासूबाई नात्यातल्या सगळ्यांना फोन करत सुटल्यात. माती एकाच पिशवीतली. अर्धी तिने घेतली, अर्धी मी. माझ्या बशीत आपलं तेच लोणी. ती म्हणाली, "ताई, पुढची नवी प्रजाती तुमचीच." एवढं गोड बोलायची काय गरज होती? या पोटदुखीवर औषध नाही.

१७ जून
ती जेवायला गेली की तिच्या बशीतलं थोडं माझ्या बशीत लावते. उगवतच नाही. आज इतकी चिडले की हातमोजा काढला आणि उघड्या बोटाने खरवडून घेतलं.

२० जून
बशीत नाही, बोटावर उगवलंय! नखाच्या कडेला जांभळी झालर. दुखत नाही. तिची बशी मात्र कोरी करकरीत झाली. एका वेळी एकाच जागी राहतं हे, आणि राहायला त्याने मला निवडलं. ती रडवेली झाली होती. मी समजूत घातली, उजवा हात खिशातच ठेवून.

२४ जून
मनगटापर्यंत आलंय. चटका बसला तरी कळत नाही. ह्यांना सांगितलं, इसब आहे. आज तिने पाहिलं आणि पांढरीफटक पडली. म्हणाली, ताई, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला, मी येते सोबत, कुणाला सांगणार नाही. येशील गं बाई! डॉक्टर खरवडून काढणार आणि तू डबीत भरून घेणार. ओळखून आहे मी.

२६ जून
खोलीला आतून कडी. डाव्या हाताने लिहितेय. उजवी करंगळी वाकवली तर — तुटलीच. रक्त नाही. आत माती. काळी, ओली. दाबली की सांडते.
ती दार वाजवतेय. रडतेय. घरातले सगळे तिचीच समजूत घालताहेत. तिचीच.

२७ जून
ह्यांनी दार तोडलं. ती धावत आली, उघड्या हातांनी माझा हात धरला. सोडेचना. चला ताई, चला —
आणि जांभळा रंग उतरला. माझ्या मनगटावरून. तिच्या बोटांवर —
कुणाचं लक्ष नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते.

दुपारी
हे डॉक्टरांना आणायला गेलेत. हात नुसती माती. सुटले, असं वाटायला हवं. वाटत नाही. गेलं ते. पुन्हा तिच्याकडेच. सगळं तिलाच का —

ती माझ्या उशाशी बसल्याबसल्या झोपलीय. तिला अजून कळलेलं नाही. झालर चांगली वाढलीय. किती सुंदर —

डावा हात शाबूत आहे माझा. तिची बोटं नुसती धरायची. ते परत माझ्या हातावर येईपर्यंत. ओरडली तरी सोडायची ना—