अर्धा दोरा

बाबा, तुमचा कापडावर चिकटवलेला नकाशा आज आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला आहे. घड्यांच्या जागी विरलाय, पण त्र्यंबकमागची सगळी डोंगररांग शाबूत आहे आणि तुमच्या पेन्सिलीच्या खुणाही. परवा सकाळी आम्ही सात बायका तीन दिवसांसाठी त्या डोंगरांत निघतोय. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या सात जणी. मला सोडलं तर बाकीच्यांनी आजवर चढलेली सर्वांत मोठी चढण म्हणजे लिफ्ट बंद असतानाचा पाचवा मजला. हसू नका. वाट मी आखली आहे, आणि ती आखताना जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला निघवणार नाही.

सहलीची कल्पना तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीच्या सुनेची. मुलगी बँकेत आहे, चुणचुणीत आहे, आणि मोबाइलवर दिसतं ते खरंच असतं असं तिला वाटतं. "काकू, हा रूट बघा. पहिल्या दिवशी दोन किल्ले, दुसऱ्या दिवशी हरिहर, तिसऱ्या दिवशी ब्रह्मगिरी करून घरी. खाली 'सोपा' असं लिहिलंय." मी विचारलं, "कोणासाठी सोपा?" ती म्हणाली, "म्हणजे, ज्यांनी टाकलाय त्यांच्यासाठी." "मग त्यांनाच जाऊ दे." माझा संताप तुम्हाला ठाऊक आहे, निवृत्तीनंतर तो वाढलाच आहे. हरिहरच्या त्या उभ्या कातळातल्या पायऱ्यांवर, जन्मात पहिल्यांदा पाठीवर ओझं घेतलेल्या बाईला चढवायचं, आणि कशासाठी, तर फोटो चांगला येतो म्हणून! मी लाल पेनने हरिहर खोडला. आमच्यातल्या दोघी रुसल्या. रुसू देत.

मग मी शिवणाचा डबा काढला. सून बघतच राहिली. "काकू, आता काय शिवताय?" मी तिला सांगितलं की माझे वडील पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते आणि ते वाट पट्टीने मोजत नसत. पट्टी सरळ जाते, डोंगरात कोणी सरळ जात नाही. पांढरा दोरा ओला करायचा, पायवाटेच्या एकेका वळणावर तो बोटाने बसवत न्यायचा. हिवाळ्यातही जिथे पाणी टिकतं तिथे दोऱ्यावर शाईचा ठिपका. दिवसाची चाल भरली की दोरा उचलायचा, आणि बरोबर नवखी माणसं असली की सरळ मधोमध कापायचा. "एवढीच वाट त्यांची," तुम्ही म्हणायचात, "उरलेला अर्धा त्यांच्या पायांचा." कापलेल्या टोकाला पाण्याचा ठिपका नसेल तर मुक्काम अलीकडे आणायचा, पलीकडे कधीच नाही. आणि या सगळ्याच्याही आधी शेवटच्या दिवशीची परतीची एसटी. शिखर कुठलं, हे तुम्ही सर्वांत शेवटी ठरवायचात.

हे सगळं डोळ्यांसमोर असूनही, दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा तुम्ही म्हणालात की अंजनेरीची आखणी या वेळी तू कर, तेव्हा मी पट्टीच घेतली. शाळेत सिस्टरनी मला वेळापत्रकांची मॉनिटर केलं होतं, माझ्या अंगात ते भिनलं होतं. फुलस्केप कागदावर इंग्रजीत, सुबक अक्षरात, सहा दहा, सात पंचवीस, आठ पाच. तुम्ही कागद वाचलात, चष्मा पुसलात आणि कागद घडी घालून मला परत दिलात. आपण पाच जण होतो, तुम्ही, आई, मी आणि माझ्या वर्गातल्या दोघी. आई साडी खोचून, रोजच्या चपला घालून निघालेली. ती वाटेत सगळ्याशी थांबते. करवंदीच्या जाळीशी थांबते, मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईशी बोलत थांबते, मागे वळून खालची शेतं बघते आणि म्हणते, "अगं, आपलं नाशिक किती लहान गं!" अर्ध्या चढणीवर तुम्ही माझ्या मैत्रिणींना घेऊन पाणी भरायला गेलात. परत आलात तेव्हा आई एका जांभळीखाली बसली होती, एक चप्पल हातात. "अंगठा तुटला हो. तुम्ही जाऊन या, मी आहे इथे." आपण जाऊन आलो. वर तळ्याकाठी माझा कागद मिनिटा-मिनिटाला बरोबर निघाला.

परतीच्या एसटीत तुम्ही तो कागद माझ्या हातातून घेतलात. "हे मनमाड स्टेशनात नेऊन लाव. तिथे गाड्या वेळ पाळतात. यात तुझ्या आईची चप्पल तुटायला जागा कुठेय?" आवाज चढवला नाहीत, पण पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. नंतरच्या आठवड्यात मेन रोडवरून तुम्ही आईला कॅनव्हासचे बूट आणलेत. ती ते घालून दळणाला जायची. डोंगरावर मात्र पुन्हा कधी आली नाही, आणि तुम्ही शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात, "मी हिला वेळेवर धड चप्पल घेऊन दिली नाही, म्हणून हिचा डोंगर राहिला."

आता गेल्या महिन्यातली आमची बैठक. दोरा कापून झाला होता, मुक्काम ठरले होते. तेवढ्यात सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक, पण तळमजल्यावरच्या ताईंचं कसं? त्या हळू चालतात. त्यांना जीपने थेट मुक्कामालाच पाठवू या ना, जेवणाचं बघतील." ताई समोरच बसल्या होत्या. वय बासष्ट, गेल्या वर्षी मिस्टर गेले, तेव्हापासून घराबाहेर पडायचं निमित्त म्हणजे दूध आणि औषधं. या सहलीसाठी त्यांनी दोन महिने रोज जिने चढण्याचा सराव केला होता. त्या लगेच म्हणाल्या, "चालेल हो, माझी काही हरकत नाही. नाहीतरी माझे नवे बूट चावतातच." आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

बाबा, मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला, नकाशा थोडक्यात वाचला. "बूट चावत नाहीत! कोणाचे बूट चावत नाहीत! ताई पुढे चालतील. सगळ्यांच्या पुढे. त्यांना ओलांडून कोणीही जायचं नाही, मी सगळ्यांत मागे असेन आणि बघत असेन." सून म्हणाली, "मग काकू, पोचणार कधी?" "उजेड असताना. वाट तशीच आखली आहे." आणखी थोडी अलीकडे आणली, खरं तर. ताईंच्या पावलाने मोजून.

गेल्या रविवारी आम्ही दोघीच दुसऱ्या दिवसाची खिंड चालून आलो. ताई निम्म्या वाटेवर थांबल्या, मला वाटलं दमल्या. त्या खालच्या नागलीच्या शेतांकडे बघत होत्या. "यांना दाखवायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा चालू लागल्या. खिंडीपलीकडच्या पाड्यावर जिच्या अंगणात आमचा मुक्काम आहे ती बाई वाट बघत उभी होती. "किती जणी येणार, आजी? भाकरी नागलीची चालंल का?" मी म्हटलं, सात जणी, आणि नागलीचीच हवी. तिने ताईंना खालपासून वरपर्यंत निरखलं. "ह्या मावशीला फुडं घाला. हळू चालती, पण बसत नाय. शहरातली लोकं लय पळत्यात नि मंग धापा टाकत्यात." ताई इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर टेकावं लागलं. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तेव्हा कळलं, आपली ही वाट जमणार.

सॅक भरून झाली आहे. हे पत्र नकाशाच्या घडीत ठेवते, पाठवायला पत्ता तरी कुठला? पण एक राहिलं. अंजनेरीला आईची चप्पल तुटली नव्हती, बाबा. तुम्ही पाण्यावर गेला होतात तेव्हा मी तिला म्हटलं, "आई, तू इथेच बस. तुझ्यामुळे माझं सगळं टाइमटेबल बिघडतंय." ती "बरं" म्हणाली. मग तिने खाली वाकून चपलेचा अंगठा दोन्ही हातांनी ओढून तोडला, आणि मी बघत उभी राहिले. तुमचा काही दोष नव्हता. हे त्या बुटांच्या दुकानातच सांगायला हवं होतं. मी तुमच्याबरोबर होते, आणि तिच्या बुटाचा नंबर मीच सांगितला.