भिंगरीच्या दुधाचं माप

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घे). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला, की ते अजूनही औषध कुंडीत ओततात? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझी बत्तीस वर्षांची अब्रू एका साडेचार वर्षांच्या मुलीने वेशीला टांगली आहे, आणि घरात कुणाला त्याचं सोयरसुतक नाही.

वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून मी काय काय केलं, हे तुला सांगायला नको. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेले चिंचोक्याएवढे मेणाचे गोळे शोधले, बुडाला पोचे पाडलेली मापं जप्त केली. एका रॉकेलवाल्याचं माप जप्त केलं म्हणून त्याच्या मुलीशी ठरत आलेलं माझं लग्न मोडलं, तरी मी माप परत केलं नाही. (मुलगी चांगली होती. असो.) अशा माणसाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, गेल्या महिन्यात एका सकाळी काय घडावं? माझी नात भिंगरी (खरं नाव आता शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलंय, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी) दूध कमी आहे म्हणून भोकाड पसरून उभी होती. सूनबाईने पसरट पेल्यातलं तेच दूध एका उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं. थेंबभर वाढवलं नाही! आणि पोरीने डोळे पुसले, "आता खूप आहे" म्हणाली आणि घटाघट प्यायली. मग बिस्किट. एकच मिळणार म्हटल्यावर पुन्हा गळा काढला, तर सूनबाईने त्याचे दोन तुकडे करून "घे, दोन" म्हणून हातावर ठेवले. पोर खूश. मी विचारलं, हे कधीपासून चाललंय? तर म्हणते कशी, "दीड वर्ष झालं, बाबा. सगळ्या आया असंच करतात." सगळ्या आया! ताई, घरोघरी राजरोस मापात पाप चाललंय आणि मी जन्मभर रॉकेलवाले पकडत बसलो!

त्याच दिवशी मी भिंगरीचे डोळे उघडायचं ठरवलं. निवृत्तीला भेट मिळालेली पितळी मापं काढली, दोन सारख्या पेल्यांत सारखं दूध मोजून घातलं. तिने वाकून, डोळा मिटून तपासलं आणि दोन्ही सारखे असल्याचा निर्वाळा दिला. मग एका पेल्यातलं दूध तिच्या नाकासमोर उंच पेल्यात ओतलं. आता? "ह्यात जास्त." अगं पण जास्तीचं आलं कुठून? "उंच झालं ना!" परत पसरट पेल्यात ओतलं, तर सारखं. पुन्हा उंच पेल्यात, तर पुन्हा जास्त. असं अकरा वेळा झालं. दुकानदार जबानी फिरवतो तेव्हा निदान त्याला घाम तरी फुटतो. ही बिस्किट खात होती. बाराव्या वेळी माझा कोपर लागला आणि सगळंच दूध सारखं झालं, म्हणजे फरशीवर.

मी तत्त्वाचा माणूस. दुसऱ्या दिवसापासून दूध पसरट पेल्यात, मोजून, भरपूर. तर या कार्टीने गावभर बभ्रा केला की आजोबा माझं दूध कमी करतात. शेजारच्या वकीलणीला सांगितलं, रखवालदाराला सांगितलं. आत्याने फोनवर "खरंच का गं?" विचारलं, तर नुसती जोरजोरात मान हलवली आणि पलीकडे दिसलं असं धरून फोन ठेवून दिला. शेवटी बालवाडीतून चिठ्ठी आली: मुलीच्या आहाराबाबत पालकांनी भेटावं. ताई, बत्तीस वर्षं लोकांना नोटिसा मी पाठवल्या!

मी मापं घेऊन गेलो. वीतभर उंचीच्या खुर्चीत बसवलं, गुडघे कानांना लागले. बाई पंचविशीच्या. सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत (हसल्या असत्या तर बरं झालं असतं). म्हणाल्या, "आजोबा, या वयात नजरेत भरेल तेच खरं. उंची दिसली की रुंदी सुटते. हे शिकवून येत नाही, आपलं आपण कळतं." मी म्हटलं, मी भल्याभल्या व्यापाऱ्यांना सरळ केलंय. म्हणाल्या, "मग बघा शिकवून."

बावीस मुलं. रंगीत पाणी. बावीसच्या बावीस जणांनी उंच पेल्यासाठी हात वर केला, एकीने तर दोन्ही. मी पाऊण तास समजावलं. आवाज जरा चढला असेल. त्यावर एक रडायला लागला, त्याचं बघून सात जण रडले, आणि मी त्यांची समजूत काढायला धावलो तो सांडलेल्या पाण्यावरून सरळ खेळण्यांच्या कपाटात. तेव्हा भिंगरी उठली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि वर्गाला म्हणाली, "आजोबांना अजून नाही कळत. कळेल हळूहळू." बुटाची नाडी न बांधता येणाऱ्या मुलांसाठी बाई जो आवाज ठेवतात, हुबेहूब तोच! कुणाला संताप येणार नाही, तूच सांग. घरी येताना माझं बोट धरून ती सांगत होती की सूर्य तिच्याबरोबर घरी यायला निघालाय.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
खोट्या मापाचा ठरलेला भाऊ

ता. क. तिकीट नव्हतं म्हणून पत्र चार महिने कपाटावरच राहिलं. मधल्या काळात एक झालं, ते सूनबाईला कळता कामा नये. बालवाडीतल्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी मी गुपचूप उंच पेला काढला. भिंगरी म्हणाली, "आजोबा, तुला कळलं!" आणि दुधाच्या मिशीसकट माझा पापा घेतला. मग रोज तेच.

आणखी एक. गेल्या गुरुवारी मी ऐटीत दूध ओतत होतो, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तेच तर दूध आहे, आजोबा. नुसता पेला उंच आहे." कुणी शिकवलं? कुणी नाही! तू आधी काय म्हणायचीस म्हटलं, तर तोंड वर करून सांगते, "मी असं कधीच म्हटलं नाही." आता बिस्किटाचे तुकडेही जोडून बघते. बत्तीस वर्षं जे लोकांना पटवत फिरलो ते नातीला पटलं, खरं तर पेढे वाटायला हवे होते. मी नुसता बसून राहिलो.

शेवटचं, ज्यासाठी मुळात तिकीट आणलं. तुझी धाकटी नात आता तीन वर्षांची झाली ना? तिला अजून काही कळायला लागलं नसेल तर इकडे राहायला पाठव. सुट्टीची वाट बघू नकोस. ही मुलं फार बेभरवशाची, कधी शहाणी होतील नेम नाही.