विसाव्या दिवशीचा नमुना

आई, आज तेरा तारीख, बुधवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. मी दवाखान्याच्या बाकावर बसलोय. तुझ्या नातीचा रिपोर्ट मांडीवर आहे आणि तो मी चार वेळा, अक्षर न् अक्षर लावून वाचला. विषाणू सापडला. बातमी वाईटच, पण मला आनंद झालाय, कारण तो वेळेत सापडला!

जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी नर्सने तिच्या कानात मशीनची मऊ नळी घालून पाहिलं. दोन्ही कान नापास. "पाणी असेल कानात, महिन्याने या," म्हणाली. बारसं झालं, बाळ-बाळंतीण तिरुवैयारुला माहेरी गेली, सगळे निश्चिंत. मी मात्र रोज जाऊन तिच्या उशाशी स्टीलचं ताट पाडत होतो आणि ती स्वस्थ झोपून. विसाव्या दिवशी मला राहवेना. सगळ्यांना घेऊन तंजावूरला आलो. पुन्हा नापास.

कानाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "गरोदरपणी आईला एक विषाणू लागतो, तिला कळतही नाही, पण पोटातल्या बाळाचे कान तो धरतो. बाळाच्या लघवीत सापडतो. मात्र एकवीस दिवसांच्या आत बघायला हवं. नंतर सापडला तर पोटातून आणला की बाहेर लागला, सांगता येत नाही. आज कितवा?"

"विसावा," मी त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हणालो.

"घरात कुणाला कमी ऐकू येतं?"

हे मी लग्न ठरतानाही लपवलं होतं, आई. बायको, सासूबाई शेजारीच उभ्या. पण चुकीचं उत्तर देऊन मुलीचं नुकसान कसं करू? "मला. डावा कान. लहानपणापासून."

"अगंबाई!" सासूबाई ओरडल्या. "म्हणून मी काप्पीचा पेला घ्या म्हणते तर हा माणूस भिंतीकडे बघतो! मी समजत होते, जावयाचा रुबाब."

बायको म्हणाली, "आणि मी भांडायला लागले की हे उजव्या कुशीवर वळायचे, ते चांगला कान उशीत दाबायला!"

मग लघवीची वाट. चिकटवलेली पिशवी एकदा गळली, दुसऱ्यांदा निसटली. आम्ही तिघं वाकून बघतोय आणि ही जांभया देतेय. "मेट्टूरचं धरणसुद्धा पाणी सोडायला एवढं तंगवत नाही, माप्पिळ्ळै, जावईबापू!" म्हणत सासूबाईंनी ओला गार कापूस तिच्या ओटीपोटावर फिरवला. पावणेचार वाजता पिशवी भरली. ती बाटलीत ओतून मी तपासणीच्या खोलीकडे दोन जिने धावत उतरलो.

आजपासून औषध. सहा महिने, मधूनमधून रक्त तपासत. गेलेलं ऐकू परत येईलच असं नाही, पण आणखी जाऊ नये म्हणून. दोन-तीन महिन्यांत कानाला यंत्र. तिला तिचं नाव ऐकू येईल, आई! माझा कानही त्यानेच गेला का, तेही विचारलं. डॉक्टरबाई हसल्या, "तुमचा एकविसावा दिवस केव्हाच गेला. आता कुणी सांगू शकणार नाही."

पण एक गोष्ट मी सांगू शकतो. मी सात वर्षांचा आहे, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलोय. तू पाट्यावर वाटताना तीनदा हाक मारलीस, कढीपत्ता आण म्हणून. मी हललो नाही. तू उठून डाव्या गालावर थप्पड मारलीस. पुढे शाळेत तो कान बहिरा असल्याचं कळलं आणि शेजारणीने ठरवून टाकलं, कारण ती थप्पडच. तूही तेच मानलंस. तेव्हापासून तू कायम माझ्या उजवीकडे बसायचीस. वर्गाच्या गोंगाटात श्रुतलेखन ऐकू येईना म्हणून नववीत मी शाळा सोडली, तर रेघांची वही आणून दिलीस. "कानाने नाही तर डोळ्याने शीक," म्हणालीस. आणि कान गेल्याचं कळल्यापासून तव्यावरचा पहिला डोसा माझा.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहितो. त्या थपडेच्या आधी कितीतरी दिवस मी शेजारचा रेडिओ डाव्या कानाला लावून पाहिला होता. काहीच ऐकू आलं नव्हतं. मला माहीत होतं, आई. पहिला डोसा हातचा जाईल म्हणून बोललो नाही.