शिशाच्या विटा आणि तुमचं मीठ

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या नणंदेचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत ठणठणीत आहे (रक्तदाब सोडून, तो कधीच माझं ऐकत नाही).

पत्राला उशीर झाला, कारण आम्ही आमचं न्यूट्रॉनचं यंत्र हलवलं. मातीचा, धातूचा चिमूटभर नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवायचा, मग त्यातून निघणाऱ्या किरणांवरून आत काय दडलंय ते या यंत्राने सांगायचं. वय माझ्या नोकरीएवढं. साहेब म्हणाले, नव्या दालनात नीट चाललं तर ठेवू, नाहीतर भंगारात. (बोलले यंत्राबद्दल, पण बघत माझ्याकडे होते.)

नव्या दालनाचं दार चार बोटं अरुंद निघालं. मुकादम म्हणाला, "बाई, दार तोडा नाहीतर हे धूड तोडा." शेवटी चौकट उखडली. यंत्राचं डोकं सतत गार ठेवावं लागतं, म्हणून मी द्रव नायट्रोजनचं भांडं घेऊन, तापातल्या पोराच्या उशाशी बसावं तशी त्याला चिकटून होते.

मांडणी झाली, चाचणी लावली. आत काहीही ठेवलेलं नाही, तरी यंत्राचा एकच हेका: इथे पोटॅशियम आहे. फरशी धुतली, भिंतीवर संशय घेतला. म्हातारं भ्रमिष्ट झालं असं ठरलं, आणि साहेबांनी भंगारवाल्याला बोलावून घेतलं. त्या दिवशी मी चष्मा शोधायला यंत्राशेजारच्या माझ्या टेबलाचा खण उघडला, तर आत रक्तदाबासाठी तुम्ही पाठवलेल्या मिठाचे दोन पुडे. (दादा गेल्यापासून तुम्ही मीठ पाठवता, मी पोचल्याचं कळवते, आपलं बोलणं तेवढंच.) त्या मिठात निम्मं पोटॅशियम असतं, ते भट्टीत न घालताही आपणहून थोडे किरण सोडतं, आणि बाहेरचे किरण अडवणाऱ्या शिशाच्या विटा टेबलाच्या बाजूने अजून रचायच्या होत्या. पुडे बाहेर नेले आणि यंत्र गप्प झालं. बिचारं पहिल्यापासून खरंच बोलत होतं. साहेब म्हणाले, "बरं, राहू दे." भंगारवाला चहा पिऊन गेला.

आता दालनात यंत्र आणि मी. बाकी सगळे जुन्या इमारतीतच राहिले. शांतता छान आहे, मध्ये कोणी बोलत नाही. मी मजेत आहे.

तुमची (अजूनही) नणंद

ता. क. मजेत आहे हे खोटं. दुपारनंतर इथे माझ्याच चपलांचा आवाज येतो.

आणखी ता. क. शुक्रवारी यंत्र रीतसर सुरू होणार. घरचं एक माणूस आणता येतं. फाटकावरच्या बाईंना मी तुम्हाला न विचारताच तुमचं नाव दिलं. त्यांनी विचारलं, "भावजय? मग भाऊ नाही येणार?" मी म्हटलं, "नाही. वहिनी येतील." तोंडातून निघून गेलं. आता या.

समारंभ अर्ध्या तासाचा आहे. कपडे आठ दिवसांचे आणा.