माझ्या स्टाइलचा कॅमेरा

२८ मार्च १९३६, शनिवार
चांदवडहून धाकट्या भावाचं, गेणूचं पत्र. आईला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, इलाज नाही, दिवाळीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल. आईचा मला निरोप, सावळीरामला एकदा नीट बघून घ्यायचंय, चार वर्षं झाली.
फार वाईट वाटलं. नाक्यावर लक्ष लागेना. गुळाच्या दोन गाड्या न तपासता सोडल्या. जकात कारकून म्हणून अठरा वर्षांत असं पहिल्यांदा घडलं.
संध्याकाळी एकदम सुचलं. आईचा फोटो काढायचा! दिसत्या डोळ्यांचा. आणि स्वतः काढायचा. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी जाऊन तर या. हिला आर्टमधलं काही कळत नाही.
निश्चय: आठ दिवसांत कॅमेऱ्यासह चांदवड.

२ एप्रिल, गुरुवार
भद्रकाली पेठेत हनीफभाईंच्या स्टुडिओत गेलो. कोणता कॅमेरा घ्यावा, विचारलं. त्यांनी मलाच विचारलं, "साहेब, तुम्ही फोटो कशाचे काढता ते आधी बोला. मग कॅमेऱ्याचं बोलू."
मी म्हणालो, अजून एकही काढलेला नाही, पण माझी स्टाइल ठरलेली आहे. त्यावर ते बराच वेळ काच पुसत राहिले.
आईचं सांगितल्यावर त्यांनी फळीवरून एक काळा खोका काढला. बॉक्स कॅमेरा. पोटाशी धरायचा, खटका दाबायचा. डोक्यावर फडकं घ्यावं लागत नाही, समोरच्या माणसाकडे बघता येतं, बोलता येतं. आजच घेऊन जा म्हणाले, आईचं काम आहे, भाडं नको.
शाळकरी पोरालासुद्धा जमेल असा कॅमेरा माझ्या स्टाइलला काय न्याय देणार? नम्रपणे नकार दिला.

५ एप्रिल, रविवार
रथाच्या दिवशी सराव केला. कॅमेरा नाही म्हणून अडत नाही. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायची, एक डोळा मिटायचा, तोंडाने 'खट' म्हणायचं. रामरथाचे अकरा फोटो काढले. त्यातले सात उत्तम. एका गृहस्थांनी चौकशी केली, डोळ्यात काही गेलंय का.

१९ एप्रिल, रविवार
आठ दिवस उलटून गेले. पण असल्या बाबतीत घाई करणं म्हणजे आईचा अपमान.
मुंबईहून कॅटलॉग आले. घडीच्या कॅमेऱ्याचा दोन रात्री अभ्यास केला. खिशात मावतो. तिथेच तो मनातून उतरला. खिशात मावणाऱ्या वस्तूचा लोकांवर वचक बसत नाही.
बोटांचे फोटो आजवर ९४.

३१ मे, रविवार
ऊन फार कडक. अशा लाइटमध्ये सुरकुत्या वाईट येतात असं कॅटलॉगमध्ये आहे. चांदवड पुढे ढकललं.
गेणूचं दुसरं पत्र. आईला आता भर उन्हातलंच काय ते दिसतं, घरात नुसत्या सावल्या. ती म्हणते, फोटोचं राहू दे, तू नुसता ये.
माझ्या खर्चाची काळजी! याला म्हणतात आईचं मन. पत्र वाचताना डोळ्यांत पाणी आलं. आता तर फोटो काढायलाच हवा.

१२ जुलै, रविवार
ढग. लाइट नाही. हनीफभाई नाक्यावरून जाताना थांबले. बॉक्स कॅमेरा अजून फळीवरच ठेवलाय म्हणाले. काही माणसांना एकदा नाही म्हटलेलं पुरत नाही.
बोटांचे फोटो ४१६. ही म्हणते, जेवताना तरी नको.

२३ ऑगस्ट, रविवार
मिळाला!
देवळालीचे एक रिटायर्ड साहेब विलायतेला चाललेत. त्यांच्या सामानात हा निघाला. शिसवी लाकूड, पितळी पट्ट्या, कमरेइतकी तिवई, काचेच्या प्लेटा घालायच्या. आणि काळं मखमली फडकं. फडक्यात डोकं घातलं आणि खात्री पटली. आत काचेवर सगळं जग उलटं. बाहेर कोण काय म्हणतंय ते नीट ऐकूही येत नाही. इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.
घरी आणून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, यात तुमचं तोंड दिसत नाही. मी म्हणालो, फोटोग्राफरचं तोंड कोण बघतं?

१० ऑक्टोबर, शनिवार
मुंबईहून प्लेटांचं पार्सल. योगायोग असा की ते माझ्याच नाक्यावर, माझ्याच पाळीत आलं.
आपला माल म्हणून सवलत नाही. बंद डबा नाक्यावरून पुढे जाऊ द्यायचा नाही, हा माझा नियम. भर दुपारी बाहेर टेबल मांडून डबा फोडला. काळा कागद सोडला. आत बारा काचा. एकेक उन्हात धरून पाहिली. कुठे तडा नाही. पुन्हा बांधल्या, डब्यावर खडूने खूण केली, पावती स्वतःच्या नावे फाडली.
डब्यावर इंग्रजीत तांबडी चिठ्ठी होती, फक्त लाल दिव्यात उघडावे. नाक्यावर लाल कंदील आहे, पण भर दुपारी तो कोण पेटवतो? अशा सूचना अडाणी गिऱ्हाइकांसाठी असतात.

१८ ऑक्टोबर, रविवार. रात्री, परत आल्यावर
चांदवड. यशस्वी.
मोटारीने दुपारी पोचलो. घरात जाऊन आईच्या पाया पडलो. तिथे अंधार. तिने माझ्या दंडाला धरून अंगणात ओढलं, उन्हात चल म्हणाली. मीही तेच म्हणत होतो, लाइट उतरायच्या आत काम उरकायला हवं. तिला बाजेवर बसवलं, तिवई मांडली आणि फडक्यात शिरलो.
एका प्लेटला वेळ लागतो. नीट दिसेपर्यंत पुढेमागे करावं लागतं. आई सारखी हलत होती. मान वाकडी करून फडक्याच्या खालून बघू पाहत होती. तिला तीनदा सांगितलं, समोर बघ. अकरा प्लेटा अशा झगडून काढल्या. बाराव्या वेळी ती बोललीच.
"आरं सावळ्या, भाईर ये की. दिस बुडाया आला. मला तुझं तोंड नाय दिसलं आजून."
मी आतून म्हणालो, हललीस, ही प्लेट बिघडली. तरी काढली.
बाहेर आलो तेव्हा ऊन गेलं होतं आणि शेवटची मोटार सुटायच्या बेतात. आईने तोंडावरून हात फिरवला, दाढी वाढलीय म्हणाली. फार समाधानी दिसली. गेणू मोटारीपर्यंत पोचवायला आला, पण वाटभर माझ्यापुढे दहा पावलं चालला. त्याला हेवा वाटला असावा.

२७ ऑक्टोबर, मंगळवार
हनीफभाईंकडे प्लेटा धुवायला दिल्या होत्या. त्यांनी बाराही काचा माझ्यासमोर खिडकीशी धरल्या. काळ्या ठिक्कर. आई नाही, बाज नाही, अंगण नाही.
त्यांनी विचारलं, अंधारात भरल्या होत्या ना? मी सांगितलं, अगदी काळ्याकुट्ट अंधारात भरल्या. तपासल्या मात्र उन्हात. त्यांनी डबा हातात घेतला, खडूची खूण पाहिली. चहा मागवला.
माल हलका असणार.
निश्चय: नवा डबा मागवून दिवाळीत पुन्हा चांदवड. या वेळी दोन डबे.

१५ नोव्हेंबर, रविवार
डबे आले नाहीत म्हणून दिवाळीला गेलो नाही.
गेणूचं पत्र. धनत्रयोदशीपासून आईला काही दिसत नाही. दिवा तोंडाजवळ धरला तरी कळत नाही.
पुढे लिहितो, शेजारच्या रंगूबाई आल्या होत्या. आई त्यांना कौतुकाने सांगत होती, माझा सावळ्या येऊन गेला, दिवसभर होता. रंगूबाईंनी विचारलं, कसा दिसतो आता?  आई म्हणाली, फडकं काळं व्हतं.
पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली.
मी तिला आतल्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणालो, बिनफडक्याचा कॅमेरा असतो हे मला कोणी सांगायला नको होतं का? मागची पानं चाळली. २ एप्रिलला नोंद आहे. अक्षर माझंच आहे.